आगाराचे उत्पन्न आणि वरिष्ठांचा निर्णय

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. खेडोपाडी पोहोचलेल्या या सेवेचे उत्पन्न गोळा होते ते आगारात. त्यावरून निर्णय होतात ते विभाग नियंत्रकांच्या आणि मुंबईतील मध्यवर्ती कार्यालयात. या दोहोंमधील दुवा म्हणजे आगार व्यवस्थापक होय. केवळ आकडे वर पाठवून त्याचे कर्तव्य संपत नाही. त्या आकड्यांचा अर्थ वरिष्ठांपुढे मांडणे तितकेच अगत्याचे असते.

भारमानाचा अर्थ

फेरीची पारख मुख्यत्वे प्रति किलोमीटर उत्पन्न आणि भारमान या दोन मापांनी होते. समजा, 40 आसनांची गाडी सायंकाळी तालुक्याहून 30 किलोमीटरवरील गावी निघाली. 10 प्रवासी अखेरपर्यंत गेले, 10 निम्म्या वाटेत उतरले. उपलब्ध आसन-किलोमीटर 1,200 आणि वापर 450. म्हणजे भारमान साडेसदतीस टक्के. ही फेरी बंद करावी, असे वरिष्ठांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हीच गाडी गावी मुक्काम करून सकाळी विद्यार्थ्यांना, रुग्णांना व भाजीविक्रेत्यांना घेऊन परतत असेल, तर सायंकाळची फेरी जाताच सकाळचीही जाते. म्हणून दोन्ही फेऱ्यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

सवलतींचा हिशेब

75 वर्षांवरील ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून विनामूल्य, तर महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली. अशा सवलतींची प्रतिपूर्ती शासन करते. साहजिकच वाहकाने भरणा केलेली रोकड म्हणजे फेरीचे संपूर्ण उत्पन्न नव्हे. सवलतीच्या प्रवासाची नोंद तिकीट यंत्रात झाली नाही, तर प्रतिपूर्तीची रक्कम बुडते आणि भरलेली गाडीही कागदावर रिकामी ठरते.

प्रस्ताव कसा असावा

एका आठवड्याच्या आकड्यांवर विसंबून प्रस्ताव करू नये. शाळांच्या सुट्ट्या, सुगी, यात्रा व लग्नसराई यांनी प्रवासी संख्या बदलते. प्रस्तावात आकडा, त्याचे कारण आणि पर्याय ही तिन्ही असावीत. वेळ अर्ध्या तासाने बदलणे, मार्ग पुढच्या गावापर्यंत वाढविणे किंवा शेजारच्या आगाराच्या फेरीशी जुळवून घेणे, यांपैकी प्रत्येक पर्यायास किती किलोमीटर वाढतील व किती उत्पन्न अपेक्षित आहे, हेही नमूद करावे.

वरिष्ठांनीही उद्दिष्ट देताना त्यामागील कारण सांगावे. प्रतिकूल आकडा कळविणाऱ्यास प्रथम दोष दिला, तर पुढील आकडे सजवून येऊ लागतात. निर्णय झाल्यावर मात्र, तो आपल्या मताविरुद्ध असला तरी, आगाराने निष्ठेने अमलात आणावा आणि ठरलेल्या मुदतीत त्याचा परिणाम वर कळवावा.

अखेर, एक फेरी चालू ठेवावी की बंद करावी, या निर्णयावर दूरच्या वाडीतील एखाद्या मुलीचे पुढील शिक्षण अवलंबून असू शकते. तो निर्णय पूर्ण माहितीनिशी व्हावा, ही जबाबदारी आगार आणि वरिष्ठ कार्यालय या दोघांचीही आहे.