नंबर कुणाला द्यावा?

आर्णीला बाबा कंबलपोश यांचा उरूस भरतो. गावोगावचे लोक येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. त्या गर्दीत भोंग्यावर उभे राहून तुम्ही आपले बँकेचे खाते ओरडून सांगाल का? नाही सांगणार. पण मोबाईलवर आपण कधी कधी तेच करतो, आणि ते ध्यानातही येत नाही.

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. कापसाचा भाव त्यात कळतो, पावसाची खबर कळते. मोठी सोय आहे. वाटते, सारे आपलेच लोक. पण एका ग्रुपात १,०२४ माणसे मावतात! एवढ्यांना तुम्ही ओळखता काय? ग्रुपाची लिंक हाती लागली, की परका माणूसही आत येऊ शकतो.

समजा, ग्रुपात कुणी लिहिले, "योजनेचे पैसे अडले असतील तर आधार आणि पासबुकाचा फोटो टाका." एकाने टाकला. त्याचे पाहून दुसऱ्याने टाकला. तिसरा म्हणाला, "फोटोनं काय होते, भाऊ?"

त्याचे अर्धे खरे आहे. नुसत्या खाते नंबरावरून कुणाला तुमचे पैसे काढता येत नाहीत. पण चोराला आधी पैसे नको असतात, तुमचा विश्वास पाहिजे असतो. पासबुकावर नाव आहे, गाव आहे, बँकेची शाखा आहे. दोन दिवसांनी फोन येतो, "मी तुमच्या बँकेतून बोलतो." तो तुमचे नाव बरोबर सांगतो. खात्याचे आकडेही बरोबर सांगतो. माणूस फसतो तो इथेच. याला एवढे माहीत आहे, म्हणजे हा बँकेचाच असेल! मग तो म्हणतो, "मोबाईलवर आकडे आले असतील, तेवढे सांगा." ते आकडे म्हणजे ओटीपी. ती तुमच्या पेटीची किल्ली आहे, बरं का. ती दिली, की कापसाचे आलेले पैसे घटकेत जातात.

टाकलेला फोटो पुसता येतो. पण तोवर कुणी तो आपल्या फोनात ठेवून घेतला असेल, तर पुसून काय उपयोग?

म्हणून नंबर कुणालाच देऊ नये, असे नाही. वेचणीला बाया पाहिजेत, बैल विकायचा आहे, तर नंबर द्यावाच लागेल. तो त्या माणसाला एकट्याला पाठवावा. आधार मागितले, तर झाकलेले आधार चालेल का, ते विचारावे. त्यात १२ आकड्यांपैकी शेवटचे ४ च दिसतात. आधारच्या वेबसाईटवरून ते निघते. घरातल्या शिकत्या पोरीला सांगा, ती काढून देईल.

आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. शिकलेली माणसेही फसतात. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवतो. तक्रार लवकर झाली, तर ते वाटेतच अडवता येतात. हे चार आकडे आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा: १९३०.