तेरा आठवड्यांची वही

ज्यू लोक ‘तिक्कून ओलाम’ म्हणतात, म्हणजे जगाची विस्कटलेली घडी बसवायला आपला हात लावणं. त्यांचीच ‘मुसार’ ही शिस्त माणसाला स्वतःचा स्वभाव तपासायला लावते. ज्यू लेखक मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीवरून, तेरा गुणांचा हिशेब ठेवण्याची रीत पुस्तकात मांडली. पुढे रब्बी इस्राएल सालांतर यांनी ती उचलून धरली. तीच रीत सोलापुरात घरबसल्या अशी करता येते. वहीच्या डाव्या पानावर दुसऱ्यासाठीचं काम लिहायचं, ही भर माझी.

साहित्य

शंभर पानी वही, पट्टी, पेन. रोज रात्री दहा मिनिटं आणि आठवड्यातून एक-दोन तास.

कृती

१. तेरा गुण लिहून काढा. लेफिन यांची यादी साधारण अशी: मनःशांती, धीर, नीटनेटकेपणा, निर्धार, स्वच्छता, नम्रता, न्याय, काटकसर, तत्परता, मौन, सौम्य बोलणं, सत्य, संयम. एखादा गुण बदललात तरी चालेल, संख्या तेराच ठेवा. म्हणजे वर्षाच्या ५२ आठवड्यांत प्रत्येकाची पाळी चारदा येते.

२. उजवं पान आखा. सात वारांचे सात रकाने, तेरा गुणांच्या तेरा ओळी.

३. आठवड्याला एकच गुण धरा. वर त्याचं एक वाक्य स्वतःच्या भाषेत लिहा. मौनासाठी, ‘विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.’ बाकीच्या बारा गुणांकडे फक्त लक्ष असू द्या.

४. रात्री ठिपके द्या. समजा धीराचा आठवडा आहे. पहाटे नळाला पाणी आलं, मोटर कुणी आधी लावायची यावरून शेजारच्या मावशींवर आवाज चढला: एक ठिपका. रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून हुज्जत: दुसरा. ‘चूक त्यांचीच होती’ हे वहीत लिहायचं नाही. ठिपका तेवढा द्यायचा.

५. डाव्या पानावर एक काम लिहा. त्याच गुणाचं, पण दुसऱ्यासाठी. धीराच्या आठवड्यात गल्लीतल्या निवृत्त विडी कामगार आजींसोबत पेन्शनचा हयातीचा दाखला करायला जा. विड्या वळून बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर यंत्र पुन्हापुन्हा अंगठा मागेल. तुमचा धीर खरा किती, ते तिथे कळेल. काम झालं नाही तर डावं पान कोरं ठेवा. उजवीकडे ठिपका नाही म्हणून डावं पान भरत नाही.

६. मदतीची पायरी तपासा. बाराव्या शतकातले धर्मपंडित आणि वैद्य मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत दिलेलं दान तळाला. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं सगळ्यात वर. यंत्रमागाचं काम सुटलेल्या घरी पीठ-मीठ जरूर पोचवा. पण त्या घरातल्या बाईला शिवण येत असेल, तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिची ओळख करून द्या किंवा मशीनसाठी बिनव्याजी पैसे उभे करा. ही वरची पायरी.

७. एक दिवस सुट्टी घ्या. रायगडातले बेने इस्राएली ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या शब्बाथमध्ये लिहिणंही वर्ज्य असतं. तुम्ही सोयीचा वार निवडा. त्या दिवशी वही मिटलेली. त्या दिवसाचे ठिपके दुसऱ्या रात्री द्या.

८. तेरा आठवड्यांनी बेरीज करा. ठिपके कुठल्या ओळीत दाट झाले, डावीकडची किती पानं कोरी राहिली, दोन्ही पाहा. मग पहिल्या गुणापासून नवी फेरी सुरू करा.

टीप: वही कुणाला दाखवू नका आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचे ठिपके मोजू नका. ठिपके कमी आणि डावी पानं कोरी असतील, तर पुढच्या फेरीत काम आधी ठरवा, गुण नंतर. डावी पानं भरलेली पण घरात रोज आदळआपट असेल, तर एक काम कमी करा आणि सौम्य बोलण्याचा आठवडा आधी घ्या.