पटावरचा समुद्र : घरगुती खेळाची रचना आणि पारख

खेळाच्या साधनांची परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्याला नवी नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी सर्वपरिचित आहेत. तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांची, प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानांची जोड. ही कला लोपण्याच्या मार्गावर असता १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन ती जगविली. मात्र हाताने रंगविलेली गंजिफा ही वर्गातील मुलांच्या हाती सहज देता येईल अशी वस्तू नव्हे. जुना पुठ्ठा, रंगखडू आणि पाच कवड्या एवढ्या सामग्रीवर मालवण किनाऱ्यावरील शिक्षकास पटाचा खेळ सिद्ध करता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही खेळातून शिक्षणावर भर दिलेला आहे.

नमुना म्हणून सापशिडी घ्यावी. परंपरेने श्रीज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात घराला नाव असे. सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरातून साप. घसरण का झाली, हे खेळणाऱ्यास कळत असे. पुढे बाजारातील पटांवर केवळ आकडे उरले आणि साप निव्वळ दैवाचा झाला. घरगुती पटात ते कारण परत आणावयाचे आहे.

येथेच खरी कसोटी लागते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, तेव्हा आपल्या मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. अशा गावात होडीच्या घरावर साप रेखाटला, तर वर्गातील निम्म्या मुलांना आपला बापच गुन्हेगार ठरल्यासारखे वाटेल. साप काढावयाचा तो बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेल्या पिल्लांच्या घरात, किंवा १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका बाहेर काढल्याच्या घरात. शिडी द्यावी ती कासवाची घरटी राखणाऱ्यास. रापणीसाठी वेगळा नियम करावा. रापण ओढण्यास पुष्कळ हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. म्हणून त्या घरात कोणीही आला की सर्वांच्याच सोंगट्या दोन घरे पुढे जाव्यात. स्पर्धेच्या खेळात हा नियम विसंगत वाटेल, पण रापणीची रीतच तशी आहे.

आता घरांची संख्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान धरल्यास पाच कवड्यांचे सरासरी दान अडीच येते. शंभर घरांच्या पटावर एका मुलास सुमारे ४० दाने टाकावी लागतील. चौघांची १६० होतात. दर दानास १५ सेकंद धरले तरी खेळ ४० मिनिटे चालेल आणि तासिका संपेल. सात गुणिले सात, म्हणजे ४९ घरांचा पट त्याच्या निम्म्या वेळात आटोपतो. साप-शिड्यांमुळे हा हिशेब थोडा हलेल, हे ध्यानात ठेवावे.

कवडी उताणी व पालथी पडण्याचा संभव सारखा मानला, तर ३२ पैकी २० वेळा दोन किंवा तीनचेच दान पडते आणि पाचाचे केवळ एकदा. प्रत्यक्षात कवडीची पाठ व पोट सारखे नसते. तेव्हा मुलांकडून १०० दाने टाकवून त्यांची नोंद फळ्यावर करून घ्यावी. गणिताचा हा पाठ पुस्तकापेक्षा अधिक काळ स्मरणात राहतो.

पट तयार झाल्यावर त्याची पारख करताना शिक्षकाने स्वतः नियम समजावून सांगू नयेत. नियमांचा कागद व पट दुसऱ्या वर्गातील चार मुलांपुढे ठेवावा आणि दूर बसून पाहावे. मुले कोठे भांडतात, कोण कंटाळून उठते, कोणता नियम ती आपल्या मनाने बदलतात, एवढेच टिपावे. भांडण झाले, तेथे नियमाचे वाक्य संदिग्ध आहे असे समजावे. शेवटच्या घरासाठी नेमके दान हवे, हा नियम बहुधा येथेच अडतो. एकच घर उरले असता हवे ते दान पडण्यास सरासरी सहाहून अधिक फेऱ्या लागतात आणि लहान मूल रडकुंडीस येते. जास्तीचे दान पडले तरी घर गाठले असे मानावे.

पहिला पट पेन्सिलीनेच काढावा. साप-शिड्यांच्या जागा दोन-तीनदा बदलाव्याच लागतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरील दमट हवेत पुठ्ठा फुगतो, म्हणून पक्का पट जाड कापडावर रंगवावा.