मधुमेही पुरुषांची हार्मोन तपासणी: दाभोळच्या रहिवाशांना किती खर्च, किती फेऱ्या?

मधुमेह आहे, थकवा हटत नाही, कामेच्छा कमी झालीय, ताठरता येत नाही? वय झालं म्हणून गप्प बसू नका. टाइप टू मधुमेहात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी पडणं नेहमीचं आहे. 2004 साली अमेरिकेत 103 मधुमेही पुरुष तपासले, तर तिसऱ्या हिश्श्यात ही कमतरता निघाली.

सुरुवातीला एकच तपासणी लागते: टोटल टेस्टोस्टेरॉन. खासगी लॅबमध्ये साधारण 500 ते 900 रुपये. रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं. दिवस चढतो तशी पातळी उतरते. म्हणून दापोलीला जायचं तर सकाळची पहिली एसटी गाठा. ताप असेल तर तो आठवडा सोडा. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊन गाडीत बसू नका, वाटेत साखर उतरू शकते. गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याबरोबर. डबा सोबत ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा.

आकडा 300 ng/dL च्या खाली आला, तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तीच तपासणी. म्हणजे खर्च दुप्पट धरा. दोन्हीदा कमी आला तरच एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या पुढच्या हार्मोन तपासण्या. 'पुरुष आरोग्य पॅकेज' आधीच गळ्यात मारलं जातं, ते घेऊ नका. घरी येऊन रक्त नेण्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही आधी विचारा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात साखर तपासून घ्या. हार्मोनची तपासणी तिथे होते का, हे फोन करूनच निघा. पुढचा सल्ला हवा असेल तर दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, तिथून चिपळूणमार्गे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. अख्खा दिवस मोडेल. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं न्या.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्याने शुक्रजंतू घटतात. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. सुरू केलं की हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वरचेवर तपासावं लागतं, तो खर्चही विचारून ठेवा.

रिपोर्ट हातात आला की आधी रक्त घेतल्याची वेळ वाचा. तिथे दुपारचे 12:40 छापले असतील, तर त्या आकड्यावर उपचार सुरू करू देऊ नका.