विकत घेतलेली वस्तू कोणाची?

सोलापूर हे चादरींचे शहर आहे. येथे विणलेल्या चादरी देशभर प्रसिद्ध आहेत. गिऱ्हाइकाने दुकानात पैसे दिले, पावती घेतली, की चादर त्याची झाली. तो ती वापरील, कोणाला भेट देईल किंवा विकील. दुकानदाराला घरी येऊन ती परत नेता येत नाही. हा साधा नियम सर्वांना ठाऊक आहे.

परंतु आता आपण हाताला न लागणाऱ्या वस्तूही विकत घेतो. गाणी, चित्रपट, पुस्तके आणि खेळ मोबाइलवर किंवा संगणकावर मिळतात. त्यांना डिजिटल वस्तू म्हणतात. त्यांनाही हाच नियम लागू पडतो का? जपानमधील सोनी या मोठ्या कंपनीच्या दोन घटना पाहू.

सोनीने 2006 मध्ये 'प्लेस्टेशन 3' हे खेळाचे यंत्र बाजारात आणले. त्यावर दुसरी संगणकप्रणाली बसवून संगणकासारखी कामे करता येत असत. 1 एप्रिल 2010 रोजी कंपनीने ही सोय काढून टाकणारा बदल इंटरनेटवरून पाठवला. सुरक्षिततेसाठी असे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. बदल न स्वीकारणाऱ्यांना इंटरनेटवरून इतरांशी खेळता येईना. अमेरिकेतील ग्राहक न्यायालयात गेले. अनेक वर्षांनी कंपनीने तडजोड करून भरपाई देण्याचे मान्य केले.

दुसरी घटना 2023 ची आहे. अनेकांनी सोनीच्या ऑनलाइन दुकानातून डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम विकत घेतले होते. 31 डिसेंबरपासून ते ग्राहकांच्या संग्रहातून काढले जातील, असे कंपनीने कळवले. कार्यक्रमांच्या मालकांशी असलेला करार हे त्याचे कारण होते. ग्राहकांनी संताप व्यक्त केला. महिना संपण्याआधीच नवा करार झाला आणि कार्यक्रम किमान 30 महिने राहतील, असे कंपनीने जाहीर केले.

असे का घडते? बटणावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते. पण लांबलचक अटींमध्ये 'फक्त वापरण्याचा परवाना' असे म्हटलेले असते. ग्राहक स्वतःला घरमालक समजतो, आणि असतो भाडेकरू! म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये कायदा केला. केवळ परवाना देत असाल, तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असे तो विक्रेत्यांना बजावतो.

आपल्या देशात 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला. ऑनलाइन व्यापारात डिजिटल वस्तूंची खरेदी-विक्रीही येते, असे त्यात म्हटले आहे. ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो वा परदेशी, सोलापूरच्या ग्राहकाला सोलापुरातच दाद मागता येते. खरेदी पाच लाख रुपयांपर्यंतची असेल, तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्तीही नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो.

म्हणून खरेदीपूर्वी अटी वाचाव्यात आणि पावती जपून ठेवावी. हक्क कायद्याने मिळतो. पण जो मागतो, त्याच्याच तो उपयोगी पडतो.

शब्दार्थ
परवाना – इजाजत. तडजोड – समझोता. संताप – गुस्सा. दाद मागणे – इन्साफ मागणे

स्वाध्याय
1. प्लेस्टेशन 3 मधील कोणती सोय काढून टाकण्यात आली?
2. 'ग्राहक स्वतःला घरमालक समजतो, आणि असतो भाडेकरू' असे लेखकाने का म्हटले आहे?
3. 'हक्क', 'दाद' आणि 'परवाना' हे शब्द वाक्यांत वापरा.