रक्तात जंतू दिसला नाही, तरी...

‘रिपोर्टमध्ये मलेरिया निघाला नाही, मग पुन्हा बोट कशाला टोचायचे?’ पावसाळ्यात रुग्ण हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःची प्रथिने बनवतो आणि काही पेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो. त्यामुळे पेशीवर सूक्ष्म गाठी उठतात व ती रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटते. असा चिकटलेला जंतू प्लीहेच्या तावडीतून सुटतो. बोटातल्या थेंबातही कमी सापडतो, कधी सापडतच नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा तुंबल्या तर रुग्ण बेशुद्ध होतो.

कोणते प्रथिन काय करते, हे शोधायला शास्त्रज्ञ जंतूचे एकेक जनुक निकामी करतात. घरातला एकेक फ्यूज काढून कोणता दिवा जातो ते पाहावे, तसेच. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत १९९७ साली असे एक जनुक मोडले. गाठी उठल्याच नाहीत आणि वाहत्या प्रवाहात पेशींची पकड ढिली पडली. २००८ साली तिथेच पन्नासहून अधिक जनुके मोडून पाहिली. चिकटण्याच्या किंवा गाठींच्या कामात आठ नवी प्रथिने लागतात, असे दिसले. काही जनुके तर मोडताच आली नाहीत. बहुधा त्यांच्याविना जंतू जगत नसावा.

म्हणून थंडी-ताप टिकून असेल तर बारा ते चोवीस तासांनी रक्त पुन्हा तपासून घ्या. बरळणे, झटके, सारख्या उलट्या दिसल्या तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.