शितावरून भाताची परीक्षा

पातळी ४ : बातम्या वाचूया

वाचण्यापूर्वी
भात शिजला की नाही, हे घरी कसं बघतात? अख्खं पातेलं खाऊन?

पाठ
नाही ना! दोन-चार शितं बोटांनी दाबून बघतात. म्हणूनच मराठीत म्हण आहे, ‘शितावरून भाताची परीक्षा’. जनमत चाचणी म्हणजे हेच. मतदार कोट्यवधी असतात. सगळ्यांना विचारणं शक्य नसतं. म्हणून काही हजार लोकांना विचारतात, ‘सरकारचं काम कसं वाटतं? मत कोणाला देणार?’

पण शितं कुठली घेतली, हे महत्त्वाचं. समजा, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या लोकांना वडापाव जास्त आवडतो की शावर्मा, हे तुम्हाला शोधायचंय. तुम्ही फक्त गणपतीच्या आरतीला जमलेल्यांना विचारलंत, तर वडापावच जिंकणार! झेन, मोगल, मेडिटेरेनियन अशा सगळ्या भागांत फिरून, वेगवेगळ्या देशांच्या लोकांना विचारलंत, तरच उत्तरावर विश्वास ठेवता येईल.

आणखी एक गोष्ट. चाचणी आजचं सांगते, उद्याचं नाही. १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाला. तेव्हा गॅलप संस्थेच्या चाचणीत ८९ टक्के अमेरिकन लोक म्हणाले, ‘अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) चांगलं काम करतायत.’ आता विरोधी पक्ष कसला जिंकतोय, असंच वाटत होतं. पण नंतर बेकारी वाढली. लोकांना युद्धापेक्षा नोकरीची काळजी वाटू लागली. नोव्हेंबर १९९२ मध्ये विरोधी पक्षाचे बिल क्लिंटन निवडून आले.

महाराष्ट्रात याच्या उलट घडलं. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० जागा विरोधी महाविकास आघाडीने जिंकल्या. महायुतीला १७ मिळाल्या. ‘आता विधानसभाही विरोधकांचीच!’ असं अनेकांना वाटलं. पण एक आकडा फार थोड्यांनी नीट पाहिला. जागांमध्ये मोठा फरक होता, तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता!

मग राज्य सरकारने ‘लाडकी बहीण’ योजना आणली. पात्र महिलांना महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झालं. शनिवारी, २३ तारखेला, भारतात सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली. दुबईत तेव्हा साडेसहा वाजले होते. सुट्टी असूनही तुमच्या घरी कोणी टीव्हीसमोर बसलं होतं का? २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळाल्या. आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून फक्त ४६! सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. अनेकांनी या योजनेला श्रेय दिलं. पण एवढ्या मोठ्या निकालामागे एकच कारण नसतं.

तुमचे आई-बाबा भारताचे नागरिक असतील, तर त्यांना मत देता येतं. पण नोकरीसाठी इथे राहणाऱ्यांना दुबईतून मत देता येत नाही. मतदार यादीत नाव हवं आणि भारतात मतदान केंद्रावर स्वतः जायला हवं. आपल्यापर्यंत पोचतात ते आकडे. म्हणून आकडे वाचता आले पाहिजेत.

पुढच्या वेळी जेवताना एखादे काका म्हणाले, ‘या वेळी विरोधकच येणार, लिहून ठेव!’ तर वाद घालू नका. फक्त विचारा, ‘काका, किती लोकांना विचारलं? कोणाकोणाला? आणि कधी?’

शब्दार्थ
शीत – शिजलेल्या भाताचा एक दाणा
विरोधी पक्ष – सरकारमध्ये नसलेला पक्ष
बेकारी – काम न मिळण्याची स्थिती
आघाडी, युती – एकत्र आलेले पक्ष

विचार करा, बोला
१. फक्त आरतीला आलेल्यांना विचारलं, तर काय चुकतं?
२. मतं जवळजवळ सारखी असूनही जागा कमी-जास्त कशा होतात? घरी चर्चा करा.
३. घरातल्या मोठ्यांना विचारा : तुम्ही शेवटचं मत कधी आणि कुठे दिलंत? उत्तर पाच वाक्यांत लिहा.